लिनक्सला ग्राफिक्स कार्ड दिसत नाही? आधी ते कुठे हरवलंय ते बघा

प्रश्न थोडक्यात असा: "दादा, घर डिचोलीत, फर्मागुडीला इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. लॅपटॉपमध्ये एएमडी रायझेन प्रोसेसर आणि एनव्हिडिया आरटीएक्स ३०५० कार्ड आहे. विंडोज ११ च्या जोडीला उबुंटू २४.०४ (लिनक्स) टाकलं. विंडोजमध्ये गेम झकास चालतात, उबुंटूला मात्र कार्डच दिसत नाही. एलएसपीसीआयमध्ये (उपकरणांच्या यादीत) व्हीजीए शोधलं तर एएमडीची एकच ओळ येते. एनव्हिडिया-एसएमआय (कार्डाची माहिती देणारा आदेश) म्हणतं, ड्रायव्हरशी संपर्क होत नाही. वेबसाइटवरून ड्रायव्हर उतरवून तीनदा टाकला. सिक्युअर बूट एकदा बंद करून पाहिलं, फरक पडला नाही म्हणून परत चालू केलं. पहिल्या आठवड्यात एकदा कार्ड दिसल्यासारखं आठवतं. प्रोजेक्टसाठी मॉडेल ट्रेन करायचंय. कॉलेजात बॅटरी पुरावी म्हणून विंडोजमध्ये इको मोड लावतो, बाकी काहीच बदललेलं नाही."

"बाकी काहीच बदललेलं नाही" हे वाचून हसू आलं. पंधराएक वर्षं फोंड्यात लोकांचे लॅपटॉप उघडतोय. खरं कारण बहुतेक वेळा गिऱ्हाईक दारातून बाहेर पडताना, चप्पल घालता घालता सांगतं. तुझ्या प्रश्नातली सगळ्यात मोलाची ओळ ती इको मोडची आहे. तिच्याकडे येतोच, पण आधी थोडी मांडणी करू, नाहीतर चौथ्यांदा ड्रायव्हर टाकायला घेशील.

"कार्ड दिसत नाही" या एका तक्रारीखाली चार वेगळ्या तक्रारी असतात. चवथीला (गणेशचतुर्थीला) घरी पाहुणा यायचा आहे असं समज. तो गावातच पोचला नाही, ही एक गोष्ट. दारात उभा आहे पण घरात कुणी ओळखत नाही, ही दुसरी. ओळखलं, आत घेतलं, पण बोलायला गेलं तर तो तोंडच उघडत नाही, ही तिसरी. आणि सगळं यथासांग झालं, पण पानं मांडताना त्यालाच विसरले, ही चौथी. ड्रायव्हर टाकणं हा यातल्या दुसऱ्या तक्रारीवरचा उपाय. लोक तो चारींवर करतात.

त्यात भर म्हणजे दोष एकावर एक बसलेले असतात. तुझं तेच झालंय असं मला वाटतं. कार्ड मुळात बंद होतं, आणि त्याच्यावर सिक्युअर बूटची, म्हणजे सही नसलेलं सॉफ्टवेअर अडवणाऱ्या सोयीची, अडचण. तू सिक्युअर बूट बंद केलंस तेव्हा वरचा दोष गेला होता, पण खालचा तसाच असल्यामुळे पडद्यावर काही बदललं नाही. म्हणून तू बरोबर उपाय चुकीचा समजून मागे घेतलास. यासाठीच तळापासून वर जायचं, आणि एक पायरी पक्की झाल्याशिवाय पुढच्या पायरीला हात लावायचा नाही.

आदेशांची नावं मी फोनवर सांगतो तशीच इथे लिहितोय. टर्मिनलमध्ये ती इंग्रजी स्पेलिंगप्रमाणे लहान अक्षरांत टाइप करायची.

पहिला आदेश: एलएसपीसीआय, मग वजा एनएनके, मग वजा डी, मग १०डीई आणि त्याला चिकटून कोलन. १०डीई हा एनव्हिडियाचा निर्माता क्रमांक आहे. एएमडीचा १००२, इंटेलचा ८०८६. (इंटेलने आपल्या जुन्या प्रोसेसरचा आकडाच तिथे लावून घेतलाय.) या आदेशाने फक्त एनव्हिडियाची उपकरणं दिसतात.

तू व्हीजीए हा शब्द शोधलास, तिथेच अर्धी फसगत होते. बऱ्याच लॅपटॉपांत पडद्याची वायर प्रोसेसरमधल्या ग्राफिक्सला जोडलेली असते. एनव्हिडियाची चिप बाजूला बसून गणित करते आणि तयार चित्र त्याच्या हाती देते. ऑप्टिमस नावाने ही रचना २०१० मध्ये आली. अशा चिपला स्वतःचा पडदा नसल्यामुळे ती बसवर (उपकरणांना प्रोसेसरशी जोडणाऱ्या वाटेवर) "व्हीजीए कंपॅटिबल कंट्रोलर" म्हणून नोंद होत नाही, "३डी कंट्रोलर" म्हणून होते. वर्ग क्रमांक ०३०० च्या जागी ०३०२. व्हीजीए शोधणाऱ्याला ती दिसणारच नाही. कार्ड "हरवलंय" म्हणून माझ्याकडे आलेल्या कितीतरी मशीनांत ते याच एका ओळीत सापडलंय. त्या दिवशी पैसे घ्यायलाही लाज वाटते.

आता उत्तर काय येतं ते बघ. ओळ आली, तिच्याखाली "कर्नल ड्रायव्हर इन यूज" असं लिहिलेलं असेल आणि पुढे एनव्हिडिया असेल, तर पाहुणा घरात आहे. "कर्नल मॉड्यूल्स" एवढंच असेल आणि "इन यूज" नसेल, तर दारात आहे. या दोन ओळींत लोक गोंधळतात. कर्नल म्हणजे लिनक्सचा गाभा. मॉड्यूल्स म्हणजे त्यात चढणारे तुकडे, हे काम करू शकणारे उमेदवार, इन यूज म्हणजे प्रत्यक्ष कामावर असलेला. तिथे नूव्हो दिसलं तर कर्नलबरोबर येणारा मुक्त ड्रायव्हर कार्ड धरून बसलाय. पडदा तो दाखवेल, तुझं कुडा (एनव्हिडियाच्या कार्डाकडून गणित करून घेणारी प्रणाली) चालवणार नाही.

ओळ आली पण शेवटी "रेव्ह एफएफ" असेल तर सावध हो. बसवरच्या जागेवरून उपकरण उत्तर देत नसेल तर वाचताना सगळे बिट १ येतात, त्याचाच आकडा एफएफ होतो. थोडक्यात पाटी दारावर आहे, घरात वीज नाही. असं कार्ड झोपवलेलं असतं, किंवा झोपेतून उठताना मेलेलं असतं.

आणि काहीच आलं नाही, तर तू गावात न पोचलेल्या पाहुण्याची वाट बघतोयस. जगातला कोणताही ड्रायव्हर इथे उपयोगाचा नाही. तुझ्या बाबतीत हेच उत्तर येईल अशी माझी अटकळ आहे. वेबसाइटवरच्या इन्स्टॉलरने बहुधा तुला सांगितलंही असेल की या मशीनमध्ये एनव्हिडियाचं कार्ड आढळत नाही, आणि तू ओके दाबून पुढे गेलास. तिन्ही वेळा.

आता इको मोड. गेमिंग लॅपटॉपबरोबर विंडोजमध्ये कंपनीचं एक कंट्रोल सॉफ्टवेअर येतं. त्यात पंखा, दिवे, पॉवर आणि ग्राफिक्सचे मोड असतात. नुसता पॉवरचा मोड बदलला तर कार्ड फक्त सावकाश चालतं. पण ग्राफिक्सचा इको, किंवा "फक्त आयजीपीयू" (म्हणजे फक्त प्रोसेसरमधलं ग्राफिक्स), निवडला तर काही बनावटींत ते सॉफ्टवेअर फर्मवेअरला (लॅपटॉपच्या बोर्डातच भरलेल्या मूळ प्रोग्रामला) सांगून कार्डची वीजच तोडतं. ही आज्ञा विंडोजमध्ये राहत नाही, लॅपटॉपच्या पोटात लिहिली जाते. त्यानंतर उबुंटू सुरू केलंस तर उबुंटूच्या दृष्टीने या मशीनमध्ये एनव्हिडिया कधी नव्हतंच. घरी चार्जर लावून गेम खेळताना तू इको काढतोस, त्यामुळे विंडोजमध्ये सगळं छान दिसतं. कॉलेजला निघताना परत लावतोस आणि उबुंटू तिथे उघडतोस. पहिल्या आठवड्यात एकदा दिसलं होतं म्हणतोस, त्या दिवशी इको काढलेला असणार.

एक खूण घरबसल्या तपासता येईल. अशा बऱ्याच लॅपटॉपांत एचडीएमआयचं तोंड थेट एनव्हिडियाला जोडलेलं असतं. कॉलेजात प्रोजेक्टर लावल्यावर उबुंटूत काहीच उमटत नसेल, तर तोही याच रोगाचा भाग.

उपाय: विंडोज उघड, त्या सॉफ्टवेअरमध्ये ग्राफिक्सचा मोड स्टँडर्ड किंवा हायब्रिड कर, आणि मग रीस्टार्ट दे. शटडाउन देऊ नकोस. विंडोजमध्ये फास्ट स्टार्टअप चालू असलं की शटडाउन अर्धवट असतं, कर्नल डिस्कवर झोपवून ठेवलेला असतो. रीस्टार्ट मात्र पुरता होतो. रीस्टार्टमधून सरळ उबुंटूत ये आणि वरचा आदेश पुन्हा दे.

विंडोज काढून टाकलं असेल त्यांचं काय? काही बनावटींत लिनक्सचा कर्नलच हा खटका एका फाइलीत देतो. सिस फोल्डरमध्ये "डीजीपीयू अंडरस्कोर डिसेबल" नावाने शोध घ्यायचा. आत १ असेल तर कार्ड बंद. तिथे ० लिहून मशीन रीस्टार्ट करायचं. ड्रायव्हर चढलेला असताना हा खेळ करू नये, मशीन जागीच गोठतं.

तरीही कार्ड आलं नाही तर बायोस (लॅपटॉप सुरू होतानाच उघडता येणारी सेटिंग्ज) बघ. हायब्रिड, स्विचेबल, डिस्क्रीट, यूएमए अशी नावं असतात. यूएमए म्हणजे फक्त प्रोसेसरमधलं ग्राफिक्स, तो पर्याय नको. मग लॅपटॉप पूर्ण बंद कर, चार्जर काढ, पॉवरचं बटण चाळीसेक सेकंद दाबून धर. आतला छोटा कंट्रोलर कधी कधी जुनीच समजूत धरून बसतो, त्याचा उरलासुरला प्रवाह गेला की ताळ्यावर येतो. ऐकायला गावठी उपाय वाटतो, पण मी तो पहिल्या तासातच करून मोकळा होतो. बायोस अपडेट करायचं ठरवलंस तर आपल्याकडचा पावसाळा लक्षात ठेव. बॅटरी भरलेली आणि चार्जर लावलेला, दोन्ही पाहिजे. अपडेट चालू असताना वीज गेली आणि बॅटरी मेलेली असली तर लॅपटॉपचा पाट होतो, बसायला.

लिनक्सच्या बाजूनेही कार्ड गायब करणारी एक जात आहे. बॅटरी वाचवण्यासाठी प्राइम-सिलेक्ट किंवा एन्व्ही-कंट्रोल वापरून कुणी "फक्त इंटिग्रेटेड" निवडलेलं असतं आणि विसरलेलं असतं. ही साधनं यूडेव्हचा (उपकरण दिसल्यावर काय करायचं ते ठरवणाऱ्या लिनक्सच्या भागाचा) एक नियम लिहून ठेवतात: एनव्हिडियाचं कार्ड दिसलं रे दिसलं की बसवरून काढून टाक. एटसी आणि लिब या दोन्हींखालच्या यूडेव्ह रूल्स फोल्डरांत ०एक्स१०डीई शोध. ते असलेला प्रत्येक नियम वाईट नसतो, काही वीजबचतीचे असतात. ज्यात "रिमूव्ह" बरोबर १ असेल, तो आपला चोर. तसंच मॉडप्रोब डॉट डी मध्ये एनव्हिडियाला ब्लॅकलिस्ट केलेलं किंवा "एलिअस एनव्हिडिया ऑफ" लिहिलेलं आहे का तेही बघून घे. चोर नियमाने काढलंय की फर्मवेअरने, हे ओळखायला सोपी चाचणी आहे. सिस, बस, पीसीआय या वाटेवरच्या रीस्कॅन फाइलीत रूट म्हणून (प्रशासकाच्या हक्काने) १ लिही. कार्ड क्षणभर जरी परत आलं, तरी ते लिनक्समध्येच कुणीतरी काढलं होतं.

समज, कार्ड बसवर आलं. आता ड्रायव्हर, आणि तो नीट मुळापासून.

वेबसाइटवरून उतरवलेली ती रन फाइल आधी काढ. तोच हक्क देणारं सुडो पुढे लावून एनव्हिडिया-अनइन्स्टॉल. ही फाइल वाईट नाही, पण ती एपीटीच्या (उबुंटूत सॉफ्टवेअर बसवणाऱ्या साधनाच्या) वहीत नोंद न करता सामान जागोजाग ठेवते. पुढे कर्नल बदलला की तिचं मॉड्यूल जुन्या कर्नलपुरतं उरतं, आणि एपीटीने दुसरं आणलं की दोघांची जुंपते. मी स्वतः हे शिकलो ते चवथीच्या आदल्या रात्री. आमच्या वाड्यावरच्या आरत्यांची पुस्तिका सकाळी छापायला द्यायची होती. सगळी जुळणी माझ्या मशीनवर, आणि मला रात्री अकरा वाजता नवा ड्रायव्हर टाकायची हुक्की आली. रीस्टार्ट केल्यावर काळा पडदा आणि कोपऱ्यात लुकलुकणारी रेघ. कंट्रोल, ऑल्ट आणि एफ३ दाबलं की नुसतं अक्षरी टर्मिनल मिळतं, हे तेव्हा ठाऊक नव्हतं. पहाटे माटोळी (गणपतीवरची फळाफुलांची सजावट) बांधायला माणसं जमली तेव्हा मी अजून पडद्यासमोर बसलेलो. शेवटी आरत्या गेल्या वर्षीच्या पुस्तिकेवरून म्हटल्या. तुला ते तीन कळींचं सूत्र आत्ताच सांगून ठेवतोय.

मग उबुंटू-ड्रायव्हर्स डिव्हायसेस हा आदेश दे. कार्ड बसवर नसेल तर हा गप्प बसतो, ही आणखी एक पडताळणी. कार्ड असेल तर कोणता ड्रायव्हर योग्य ते "रेकमेंडेड" लिहून दाखवतो. त्यानंतर सुडो उबुंटू-ड्रायव्हर्स इन्स्टॉल. आकडा मोठा म्हणून ड्रायव्हर चांगला, असं नसतं. इथे शिफारस ऐकायची.

आता सिक्युअर बूट. एमओके-युटिल (टाइप करताना मधे रेघ नको, सलग लिही), दोन वजा, एसबी-स्टेट असा आदेश दिला की चालू की बंद ते कळतं. चालू असताना सही नसलेलं मॉड्यूल कर्नल आत घेत नाही. सुडो मॉडप्रोब एनव्हिडिया देऊन बघ. "की वॉज रिजेक्टेड बाय सर्व्हिस" असं आलं तर भांडण फक्त सहीचं आहे, कार्ड आणि ड्रायव्हर दोघंही निर्दोष. उबुंटू शक्यतो आधीच सही केलेली मॉड्यूल आणतं, तेव्हा हा प्रश्न उद्भवतच नाही. पण मॉड्यूल तुझ्या मशीनवर डीकेएमएसने (कर्नलप्रमाणे मॉड्यूल बांधणाऱ्या साधनाने) बांधलं गेलं तर सही तुझ्या मशीनच्या किल्लीने होते, आणि ती किल्ली फर्मवेअरच्या बाजूला नोंदवावी लागते. त्यासाठी इन्स्टॉल करताना एक पासवर्ड ठरवायला सांगतात. पुढच्या रीस्टार्टला निळा पडदा येतो. तो जेमतेम दहा सेकंद थांबतो, आणि नेमकं तेव्हा माणूस चहा आणायला उठलेला असतो. तिथे एन्रोल एमओके निवडायचं, कंटिन्यू, येस, पासवर्ड, रीबूट. पडदा चुकला तर नोंदणी पुन्हा मागवता येते: एमओके-युटिल, दोन वजा, इम्पोर्ट, आणि पुढे व्हार, लिब, शिम-साइन्ड, एमओके या वाटेवरच्या एमओके डॉट डीईआर (फाइलीच्या नावातलं एमओके मात्र मोठ्या अक्षरांत) फाइलीचा पत्ता. पासवर्डात चिन्हं घालू नकोस, त्या पडद्यावर कीबोर्ड अमेरिकन पद्धतीने चालतो.

सिक्युअर बूट सरळ बंद करणं हा जवळचा रस्ता आहे, मान्य. पण विंडोज ११ च्या नव्या लॅपटॉपांत डिस्क बहुधा कूटबद्ध असते. सिक्युअर बूट बदललं की पुढच्या वेळी विंडोज बिटलॉकरची ४८ अंकी रिकव्हरी की मागू शकतं. तू एकदा बंद-चालू करून निभावलास, ते नशीब. पुन्हा हात लावण्याआधी ती की मायक्रोसॉफ्टच्या खात्यातून काढून कागदावर लिही. माझ्याकडे अशी किल्ली हरवलेले आले की मी हात जोडतो. त्याला दुरुस्ती नाही.

यानंतर एनव्हिडिया-एसएमआय चालव. त्याची ओरड एकाच प्रकारची नसते आणि प्रत्येकीचा अर्थ वेगळा आहे, हे नीट ध्यानात घे. "कुडंट कम्युनिकेट" म्हणजे मॉड्यूल चढलंच नाही. सही, हेडर्स (मॉड्यूल बांधायला लागणाऱ्या कर्नलच्या फाइली), ब्लॅकलिस्ट किंवा मुळात कार्डच नाही, यांपैकी काहीतरी. "ड्रायव्हर लायब्ररी व्हर्जन मिसमॅच" म्हणजे अपडेट होऊन फाइली नव्या झाल्या, पण मेमरीत जुनंच मॉड्यूल आहे. रीस्टार्ट कर, एवढंच. आणि "नो डिव्हायसेस वेअर फाउंड" म्हणजे मॉड्यूल चढलं पण कार्डने साद दिली नाही. पाहुण्याची तिसरी तऱ्हा.

ही तिसरी गंभीर. डीमेसेजमध्ये (कर्नलच्या नोंदवहीत; टाइप करायचं डीएमईएसजी) एनव्हीआरएम हा एनव्हिडियाच्या ड्रायव्हरचा शिक्का मोठ्या अक्षरांत शोधलं की कारण बहुतेक वेळा स्वच्छ इंग्रजीत लिहिलेलं सापडतं. एनव्हिडियाने मे २०२२ मध्ये कर्नल मॉड्यूल मुक्त केली. तेव्हापासून त्याच ड्रायव्हरच्या दोन जाती मिळतात, ओपन आणि जुनी बंद. आरटीएक्स ५० मालिकेला ओपनच लागते. जीटीएक्स १० मालिका आणि त्याआधीच्यांना ओपन चालत नाही. मधल्यांना, म्हणजे जीटीएक्स १६, आरटीएक्स २० पासून पुढे, तुझ्या ३०५० सकट, दोन्ही चालतात. म्हणून तुला याचा त्रास नाही. पण तुझ्या एखाद्या मित्राने नवाकोरा ५०६० वाला लॅपटॉप आणला आणि बंद जात टाकली, तर "नो डिव्हायसेस" त्याचं स्वागत करेल. उलट्या टोकाला जुनी कार्डं. जीटीएक्स १० मालिकेला ५८० ही शेवटची शाखा, त्याहून बऱ्याच जुन्या केप्लर पिढीला ४७०. त्यापुढचा ड्रायव्हर टाकला की कार्ड बसवर ठणठणीत असूनही ड्रायव्हर ओळख देत नाही.

डीकेएमएस स्टेटस आणि यूनेम वजा आर या दोन आदेशांची उत्तरं शेजारी ठेवून बघायची सवय लाव. सध्या चालू असलेल्या कर्नलचा आकडा डीकेएमएसच्या यादीत नसेल, तर त्या कर्नलसाठी मॉड्यूल बांधलंच गेलं नाही. बहुतेकदा लिनक्स-हेडर्स राहिलेले असतात. "काल चालत होतं, आज नाही" या तक्रारीत रात्री गुपचूप झालेलं कर्नल अपडेटच निघतं. ग्रबमधून (मशीन सुरू होतानाच्या मेनूतून) आदला कर्नल निवडून बघितलं की दोन मिनिटांत खात्री होते.

एएमडी आणि इंटेलचं उरकतो. त्यांचे ड्रायव्हर कर्नलमध्येच असतात, म्हणून शोधत बसू नये. तिथे कार्ड दिसत नाही याचा अर्थ सहसा एवढाच की कर्नल कार्डापेक्षा जुना आहे किंवा फर्मवेअरच्या फाइली नाहीत. इंटेल आर्कच्या पहिल्या पिढीला कर्नल ६.२ च्या पुढे वेगळी कसरत लागत नाही. आणि कोणत्याही कार्डाच्या बाबतीत प्रॉक, सीएमडीलाइन या फाइलीत नोमोडसेट हा शब्द आहे का ते बघावं. इन्स्टॉल करताना "सेफ ग्राफिक्स" निवडलं की तो मागे राहून जातो. मग सेटिंग्जमध्ये ग्राफिक्सपुढे एलएलव्हीएमपाइप असं विचित्र नाव येतं. त्याचा अर्थ सगळी चित्रं बिचारा प्रोसेसर हाताने काढतोय.

आणखी एक, कारण तुमच्या वर्गात हे हमखास असतं: विंडोजच्या आतल्या डब्ल्यूएसएलमध्ये किंवा व्हर्च्युअलबॉक्समध्ये लिनक्स चालवणाऱ्यांनी यातलं काहीही करू नये. डब्ल्यूएसएलमध्ये कार्ड विंडोजच्या ड्रायव्हरमधूनच मिळतं. आत लिनक्सचा ड्रायव्हर टाकला तर जे चाललंय तेही बिघडतं.

हार्डवेअर खरोखरच आजारी असेल तर? विंडोजमध्ये गेम चालतो, म्हणून तुझं नाही. पण आपल्याकडे हे विसरून चालत नाही. मागच्या पावसाळ्यात मोरजीला किनाऱ्याजवळ राहणाऱ्या एका व्हिडिओ एडिटरचा लॅपटॉप आला. कार्ड सकाळी दिसायचं, रेंडर लावलं की अर्ध्या तासात नाहीसं. डीमेसेजमध्ये "फॉलन ऑफ द बस" आणि एक्सआयडी ७९ (एनव्हिडियाचा दोष क्रमांक). हा निरोप आला की पॉवर, उष्णता किंवा टाके, यांपैकी कशाचा तरी संशय घ्यायचा. उघडून बघितलं तर पंख्याच्या जाळीत लोकरीसारखा कचऱ्याचा थर, आणि बोर्डावर पॉवरच्या भागात हिरवट-पांढरी बुरशीसारखी पूड. खारा वारा आणि चार महिन्यांची ओल. साफ केलं, पेस्ट बदलली, आणि तो आजवर चालतोय. दरवेळी असं नशीब नसतं. चिप भाजून देणारे कारागीर भेटतात, हीटगनने दोनशे-तीनशे अंशांवर. माझ्या हातचा अनुभव असा की भाजलेली चिप काही आठवडे चालते आणि मग आपल्याच गिऱ्हाइकाच्या शिव्या खायला लावते. पावसाळ्यात लॅपटॉप बंद कपाटात आठवडेच्या आठवडे ठेवू नये, रोज थोडा वेळ चालू राहिलेला बरा. त्याची स्वतःची ऊब त्याला पुरते.

आता चौथी तऱ्हा, कारण सगळं दुरुस्त झाल्यावर तू नक्की विचारशील की सेटिंग्जमध्ये अजून एएमडीच का दिसतंय. दिसू दे. हायब्रिडमध्ये डेस्कटॉप एएमडीवरच चालायचा असतो. एखादा प्रोग्राम एनव्हिडियावर हवा असेल तर त्याच्या चिन्हावर उजवं क्लिक करून "डिस्क्रीट ग्राफिक्स कार्ड" वाला पर्याय निवड. आणि कुडासाठी त्याचीही गरज नाही, ते थेट कार्डाशी बोलतं.

तुझ्या प्रोजेक्टला इथेच एक खड्डा आहे. एनव्हिडिया-एसएमआयच्या वरच्या उजव्या कोपऱ्यात कुडाचा जो आकडा दिसतो, तो हा ड्रायव्हर जास्तीत जास्त कुठवर झेपवेल याचा आहे. तेवढं कुडा तुझ्याकडे बसवलेलं आहे, असा त्याचा अर्थ नव्हे. पायटॉर्च (मॉडेल ट्रेन करायचं पायथनमधलं साधन) आपल्या गरजेपुरतं कुडा स्वतःबरोबर आणतं. पायथनमध्ये टॉर्च डॉट व्हर्जन डॉट कुडा छापून बघ. "नन" आलं तर तू नुसती सीपीयूची आवृत्ती बसवलीयस, आणि त्यात ड्रायव्हरचा काही दोष नाही. आकडा आला पण "इज अव्हेलेबल" खोटं म्हणत असेल, आणि तू लॅपटॉप झाकण मिटून फर्मागुडीहून डिचोलीला बसने घेऊन आला असशील, तर झोपेतून उठताना एनव्हिडिया-यूव्हीएम हे मॉड्यूल बिथरलेलं असू शकतं. ते आरएममॉडने उतरवून मॉडप्रोबने परत चढव. रीस्टार्टची गरज पडत नाही.

आज संध्याकाळी एवढं कर: विंडोजमध्ये इको काढ, रीस्टार्ट करून उबुंटूत ये, १०डीई वाला आदेश दे. ओळ आली तर रन फाइल काढून उबुंटू-ड्रायव्हर्सने टाक, आणि निळ्या पडद्याच्या वेळी खुर्चीतून उठू नकोस. अडलास तर एलएसपीसीआय, एमओके-युटिल, डीकेएमएस स्टेटस आणि डीमेसेजमधल्या एनव्हीआरएमच्या ओळी, या चारांचं उत्तर मला मजकूर म्हणून पाठव. मोबाइलवर काढलेला स्क्रीनचा फोटो नको. गेल्या वेळी एकाने पाठवलेल्या फोटोत आदेशापेक्षा ट्यूबलाइट आणि त्याचं नाकच जास्त आलं होतं.